आत्याची जागा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या कोपऱ्यावर संत्र्यांचा ठेला लागतो. ठेलेवाला दर वर्षी तोच, आणि मला फसवायचा त्याचा प्रयत्नही दर वर्षी तोच. "बाई, एकदम शक्कर," म्हणत तो एक फोड पुढे करतो, ती गोड लागते, आणि घरी आणलेल्या पिशवीतली निम्मी संत्री आंबट निघतात. मी भांडायला जात नाही. खरं सांगायचं तर मला आंबटच हवी असतात. आंबट संत्र्याला मीठ लावून खायची खोड मला फेलिसाआत्यानं लावली, आणि या वयातही ती सुटलेली नाही.

हे नाव घेतलं की समोरचा माणूस दोनदा विचारतो. फेलिसा? आणि आत्या? त्याचंही खरंच आहे. फेलिसा फिलिपाइन्सची. तिकडे तिच्या जिल्ह्यात, बटांगासला, संत्र्यासारख्याच एका फळाच्या बागा होत्या आणि रोग पडून त्या बागाच्या बागा वाळून गेल्या होत्या. आमची नागपुरी झाडं कशी तगून आहेत ते शिकायला ती एका हिवाळ्यापुरती इथं आली. सत्तरच्या आसपासचा हिवाळा तो. मी तेव्हा अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, आणि सगळ्या गल्लीला शहाणपणा शिकवणारी.

बाबा शेतकी कॉलेजच्या बागेत रोपवाटिकेचे मुकादम होते. झाडांपुरतं इंग्रजी त्यांना उत्तम येई. फेलिसाला खोली हवी होती. धरमपेठेत तिनं तीन घरं पाहिली, पण मच्छी खाता का, या एकाच प्रश्नावर तिन्ही दारं लागली. बाबांनी घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "आपन काय खात नाही का? येऊ दे तिले." अशी ती सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत राहायला आली. कुणी न सांगता तिनं चपला दाराबाहेर काढल्या, आणि आईनं तिला तिथंच पास करून टाकलं. आठवड्याभरात तलावाची मच्छी आणून, आईची चिंच घालून तिनं असं काही आंबट कालवण केलं की आई तिच्याकडून ते शिकायला बसली.

प्रश्न आला तो हाक मारायचा. आमच्या घरात राहणाऱ्या माणसाला नुसतं नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. भाऊ, काका, वैनी, काहीतरी शेपूट लागायलाच हवं. आईनं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "मावशी म्हन वं सुमन. मावशी म्हटलं की कोनाचं काही बिघडत नाही."

आई असं का म्हणाली ते मला कळत होतं. मावशी कुणीही होऊ शकत होती. आत्या नाही. आमच्या घरात आत्याची जागा होती आणि ती नुकतीच रिकामी झाली होती.

शेवंताआत्या बाबांची एकुलती एक धाकटी बहीण. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी बाबांनी तिला त्या अफाट गर्दीत खांद्यावर बसवून नेलं होतं. पांढऱ्या परकरातली दहा-बारा वर्षांची पोर आणि तिला खांद्यावर घेतलेला पांढऱ्या सदऱ्यातला भाऊ. घरात त्याचा फोटो नव्हता, पण बाबांनी ते इतक्यांदा सांगितलं होतं की मला तो फोटो पाहिल्यासारखाच वाटतो. पुढे तिला काटोलकडच्या एका गावी दिली. आई पुन्हा गरोदर असल्याचं कळताच ती धावत आली आणि म्हणाली, "पोट्टंच होते पाहा. नाव मी ठेवीन." काय ठेवणार, ते तिनं फक्त बाबांच्या कानात सांगितलं. वर दम भरला, "माह्याआधी कोनाले सांगशीन तर माही शपथ हाय."

श्रावणात साधा ताप आला आणि त्यात ती गेली. दिवाळीनंतर आठ दिवसांनी माझा भाऊ जन्मला.

बारसं बाराव्या दिवशी व्हायला हवं होतं. बारा झाले, वीस झाले, महिना झाला. पाळण्यातल्या जिवाला आम्ही बाळ्या म्हणत होतो, छोट्या म्हणत होतो, शेजारची बाई त्याला लाडू म्हणे. कुणी नाव विचारलं की आई म्हणायची, "ठेवू नं." आणि मग बाबांकडे बघायची. नाव बाबांना ठाऊक होतं. ते त्यांच्या तोंडातून बाहेर येत नव्हतं. शपथ घालणारी गेली होती, पण शपथ तशीच राहिली होती.

आमच्या विहारातले एक वयस्कर गुरुजी समजूत घालायला आले. "मुकादम, आत्यानं कुर्र करनं हे सारं जुनं होय. आपन सोडलं नं थे? त्रिशरण घेऊ, नाव मी सांगतो सभेले."

बाबा कधी त्यांना उलट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "गुरुजी, जुनं सोडलं. बहीन नाही सोडली."

गुरुजी चहा न घेताच गेले. बाबांनी संध्याकाळभर अंगणातली कुंडी न कुंडी पाण्यानं भरली, ज्यांना गरज नव्हती त्यासुद्धा. मला बाबांचा राग यायचा आणि त्यांची फार दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते अकराव्या वर्षी समजत नाही. खरं म्हणजे नंतरही समजत नाही.

त्या हिवाळ्यातलं ऊन अजून पाठीवर आहे. शाळा सकाळची. परतल्यावर मी आणि फेलिसा ओट्यावर बसायचो, मध्ये संत्र्यांची डाली. बागेतून उतरलेली, डाग पडलेली, विकायला न जाणारी फळं बाबा घरी आणत. साल सोलली की बोटं पिवळी होत. सालीची पिचकारी एकमेकींच्या डोळ्यांत उडवायची, डोळे चुरचुरले की हसायचं आणि पुन्हा उडवायची. बाळ्या जवळच गोधडीवर हातपाय झाडत पडलेला असे. फेलिसा झाडांच्या नोंदीची वही उलटी करून मागच्या पानांवर मराठी शब्द लिहून घेई. ती आईकडून आणि माझ्याकडून भाषा शिकली, त्यामुळे बोलायला लागली ती थेट "मले भूक लागून राहिली" असंच. कॉलेजातले पुण्याचे प्राध्यापक म्हणे तिच्याकडे आ वासून बघत.

एका दुपारी मी तिला नाती शिकवली. बाबांचा भाऊ काका, आईचा भाऊ मामा, आईची बहीण मावशी, बाबांची बहीण आत्या. तिनं डोक्याला हात लावला. "एवढे? आमचं दोनात भागते. बाई असली की तिया, बाप्या असला की तियो. मायकडची, बापाकडची, सब एक."

मग म्हणाली, "आन् थेही आमचे नाही. स्पेनवाल्यांचे."

मला ते फारच मजेचं वाटलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. आजीला लोला, आजोबांना लोलो. बारशाला बाळाला हातात घेऊन उभी राहते ती निनांग, म्हणजे धर्माची आई. बाळाची आई आणि निनांग एकमेकींना म्हणतात कुमारे, म्हणजे दोघी मिळून आई. सगळे शब्द स्पेनच्या लोकांचे, यांच्या जिभेवर घासून गोल झालेले. मोठा भाऊ मात्र कुया, तो म्हणे चिनी व्यापाऱ्यांकडून आला.

"मंग तुमचं सोताचं काय उरलं?" मी विचारलं. मला वाटतं, मी जरा कीव करूनच विचारलं असेल.

ती संत्र्याचे दोरे काढत राहिली. "इना," ती म्हणाली. "म्हणजे माय. आन् अनाक. म्हणजे लेकरू." तिनं बाळ्याच्या पोटावर बोट ठेवलं. "हे दोन आमचेच हाय."

स्पेनवाल्यांनी तीनशे वर्षांच्या वर राज्य केलं, आणि जाताना मागे काय ठेवून गेले, तर मावश्या, आज्या आणि धर्माच्या आया. मी पुढे शाळेत इतिहास शिकवला, साम्राज्यांच्या चढउतारांची पुष्कळ कारणं पोरांकडून पाठ करून घेतली. पण राज्य गेल्यावर काय उरतं, याचं उत्तर मला त्या ओट्यावर मिळालं होतं आणि ते कुठल्याच परीक्षेत कधी आलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना फेलिसानं हेच बाबांना सांगितलं. बाबांना ते आवडलं. ते म्हणाले, "तुम्ही त्यांचा धर्म घेतला, त्यासंग नातीही घेतली. आमचं उलटं. धर्म बदलला, देव उंबऱ्याबाहेर ठेवले. पन काका काकाच राह्यला, मामा मामाच. आन् आत्या..."

त्यांनी ताटातला भात सावकाश एका बाजूला सारला आणि हात धुवायला उठले. फेलिसानं माझ्याकडे पाहिलं. वहीत चारही शब्द लिहून घेतले होते, पण घरात आत्या कुठे आहे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आईनं तिला सगळं सांगितलं, ताप, शपथ, पाळणा, सगळं.

तेव्हापासून आईच्या मनात एक गोष्ट घोळायला लागली. ती तिनं चार दिवसांनी बाबांपुढे काढली. "फेलिसाच्या हातून करू. बारसं."

"थे पाव्हनी," बाबा म्हणाले. "दोन महिन्यांनी जाईन. आत्या का अशी येऊन जाऊन राह्यते?"

फेलिसानंही ते ऐकलं असावं, कारण खोली लहान होती. पण ती रुसली नाही. तिला तेव्हा तिचं स्वतःचंच दुःख पुरून उरलं होतं.

तिच्या भावाला पहिली मुलगी झाली होती. नाताळाच्या सुमाराला तिचा बाप्तिस्मा आणि निनांग ठरली होती फेलिसाच. पत्र आलं तेव्हा ती ओट्यावर वाटाणे सोलत होती. पत्र वाचून तिनं ते शेंगांच्या टोपल्यात ठेवलं आणि रडायला लागली. मोठं माणूस असं उघड्यावर, तोंड न झाकता रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी विचारलं, "मंग आता दुसरी कोनी होईन का निनांग?"

"नाही वं. मीच." तिनं मनगटानं डोळे पुसले. "माही चुलतबहीण माह्या जागी उभी राहीन. पाद्री इचारीन कोन निनांग, तं थे माहं नाव सांगीन. उभी थे, पन निनांग मी."

मी हे बाबांना सांगितलं. मुद्दाम, काही योजना आखून सांगितलं असं म्हणवून घ्यायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. मला ते नवलाचं वाटलं आणि नवलाचं काही ऐकलं की बाबांना सांगायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांचा डबा घेऊन बागेत गेले. कलमं बांधायचे दिवस होते. बाबा उकिडवे बसून जंबेरी लिंबाच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे, म्हणजे फुटव्याचे कोंब, बांधत होते. सुरीनं खुंटाची साल उचलायची, त्यात डोळा सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. ते काम करताना ते बोलत नसत, पण ऐकत असत. माझं सांगून झालं. त्यांनी आणखी तीन खुंट बांधले. मग पलीकडच्या वाफ्यात पानं मोजत असलेल्या फेलिसाला हाक मारली.

"जो हजर नाही, त्याच्या नावानं उभं राह्यता येते तुमच्यात?"

"हाव."

"आन् जो कधीच येनार नाही, त्याच्या?"

फेलिसा खोटं बोलणारी बाई नव्हती. "पाद्रीले इचारावं लागीन," ती म्हणाली. मग बाबांचा चेहरा पाहून तिनं मान हलवली. "राहू द्या. त्याले नका इचारू."

बाबा हसले. श्रावणापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते सुरी पुसून उठले, तिला चार झाडं पलीकडे घेऊन गेले आणि वाकून तिच्या कानात काहीतरी बोलले. ती बुटकी होती, त्यांना बरंच वाकावं लागलं. मला कळलं, की नाव बाहेर आलं. माझ्या हातात डबा होता आणि तो मी किती घट्ट धरला होता, हे बोटं दुखायला लागल्यावर लक्षात आलं.

बारसं पुढच्या रविवारी झालं. पांढऱ्या कापडावर मूर्ती, मेणबत्ती, उदबत्ती. रुसलेले गुरुजी पण आले आणि त्यांनीच त्रिशरण-पंचशील दिलं. फेलिसा आईच्या पांढऱ्या लुगड्यात होती, आणि ते जागेवर राहावं म्हणून तिला इतक्या सेफ्टीपिना लावल्या होत्या की ती वळताना सगळीच्या सगळी वळायची. गल्लीतल्या बाया पाळण्याभोवती जमल्या. आईनं तिला समजावून सांगितलं होतं की खाली वाकायचं, बाळाच्या कानात नाव सांगायचं, मग कुर्र करायचं. पण तिच्या मनात गावचं चर्च होतं. तिथं दुसऱ्याच्या जागी उभं राहणाऱ्यानं सगळ्यांदेखत तसं जाहीर करायचं असतं.

ती पाळण्याजवळ ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी शेवंताच्या नावानं उभी हाय. शेवंताआत्या सांगते, बाळा, तुहं नाव मिलिंद."

सगळ्या बाया गार झाल्या. पाळण्यापाशी गेलेल्या माणसाचं नाव! एकीनं पदर तोंडाला लावला, आई पाळण्याची दोरी धरून तशीच राहिली. फेलिसाला कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते कळेना. तिचा चेहरा उतरला.

बाबा पुरुषांच्या बाजूनं उठले आणि मधून वाट काढत पाळण्यापाशी आले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. ते म्हणाले, "तिचं सांगून झालं. तिले पोचलं. आता वाक, आन् कानात सांग. तुह्या नावानं."

ती वाकली. यावेळी कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग आला तो कुर्र, परदेशी आणि फार लांबलेला, आणि त्यासरशी बायांना आपलं काम आठवलं. त्यांनी तिच्या पाठीत धबाधब रट्टे घालायला सुरुवात केली. नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्क्या घालतात, हे तिला सांगायचं आम्ही साफ विसरलो होतो. ती "काहून? काहून?" ओरडत पाळण्याभोवती पळाली, पिना सुटल्या, आणि अख्खं घर हसून हसून बेजार झालं. मिलिंद मात्र त्या सगळ्या गोंधळात झोपून गेला.

संध्याकाळी भांडी घासताना ती आईला म्हणाली, "आता आपन कुमारे."

आई म्हणाली, "चूप वं. दोन लेकरांच्या मायले कुमारी म्हनून राहिली." पण पुढे फेलिसाला पाठवायच्या पत्राच्या शेवटी आई मला कायम 'कुमारे' असंच लिहायला सांगायची.

माघात फेलिसा परत गेली. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. आईनं संत्र्यांची डाली दिली, बाबांनी डोळे बांधायची आपली सुरी दिली, नवी नव्हे, वापरातली. गाडी हलता हलता तिनं खिडकीतून मिलिंदच्या तळव्याचा मुका घेतला. आत्या येऊन जाऊन राहत नाही, असं म्हणणारे बाबा गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले.

मग दर नाताळाला मिलिंदच्या नावानं एक कार्ड येई. निनांगनं नाताळाला भेट द्यायचीच असते तिकडे. कार्डात कधी रुमाल, कधी वाळवलेलं फूल, आणि खाली मोठ्या अक्षरांत, मी शिकवलेल्या देवनागरीत, "आत्या". मिलिंद ती कार्डं पोरांना दाखवून मिरवत असे. असा तो मोठा झाला. माझं लग्न झालं, मी शाळेत लागले. आई गेली. बाबा निवृत्त झाले आणि हळूहळू त्यांना कमी ऐकू यायला लागलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मिलिंद नुकताच कोराडीला वीज केंद्रात शिकाऊ म्हणून लागला होता आणि रोज अंगावर राख घेऊन घरी यायचा. अशाच एका संत्र्यांच्या दिवसांत, कार्डाऐवजी एक लांब पाकीट आलं. अक्षर ओळखीचं नव्हतं. मी माहेरी गेले होते, म्हणून मीच उघडलं.

लिहिणारी होती फेलिसाच्या भावाची मुलगी, तीच, जिच्या बाप्तिस्म्याला फेलिसा पोचू शकली नव्हती. कॉलेजात शिकत होती. तिच्या बाईंनी वर्गाला काम दिलं होतं. आपापल्या गावात नात्यांचे जे शब्द बोलतात त्यांची यादी करायची आणि कुठला शब्द स्पेनहून आला ते शोधायचं. तिनं लिहिलं होतं, तिया, लोला, निनांग, कुमारे, सगळे सापडले. एकच सापडत नाही. आमच्या घरात आम्ही सगळी भावंडं फेलिसाला तिया म्हणत नाही, आत्या म्हणतो. लहानपणापासून तिनंच तसं शिकवलं. आता आमच्या गल्लीतली पोरं आपापल्या बापाच्या बहिणीला आत्या म्हणतात. मी स्पॅनिश शब्दकोश पालथा घातला. बाई म्हणाल्या, बहुधा स्पॅनिशच असेल, जुना असेल, तसंच लिहून टाक. मी आत्याला विचारलं, तर ती नुसती हसली आणि म्हणाली, नागपूरला पत्र टाक.

बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पत्र मोठ्यानं मराठीत सांगितलं. त्यांनी गल्लीचा भाग दोनदा सांगायला लावला. किती पोरं असतील गल्लीत, असंही विचारलं. मला कुठून माहीत असणार?

मिलिंद कामावरून आला, सायकल भिंतीला लावली आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. बाबांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि बी हातावर काढली.

"लिही त्या पोरीले," ते म्हणाले. "म्हनाव, तुह्या बाईनं चुकीचं सांगतलं. शब्द स्पेनचा नाही."

"मग नागपूरचा, असं लिहू?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "शेवंताचा हाय, असं लिही."